देवदाराच्या रानाचा वास: अत्तराच्या धंद्यातील एक दुर्लक्षित दालन

अत्तराच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा ठरलेली नावे घेते. गुलाब, मोगरा, हिना, शमामा, मजमुआ, ऊद. या नावांवर आपल्या अनेक पिढ्यांची रोजीरोटी चालली. आजही महंमदअली रोडवर मिनारा मशिदीच्या परिसरात रमजानच्या रात्री जी विक्री होते, तिचा मोठा भाग याच नावांचा असतो. परंतु आता दुसऱ्या तऱ्हेचे गिऱ्हाईकही दुकानाची पायरी चढू लागले आहे. त्याला फुलाचा गोडवा नको असतो. "लाकडासारखे काही द्या, थंड डोंगरातल्या रानासारखे द्या," असे ते सांगते. परळ आणि लालबागच्या गिरण्यांच्या जागी आता काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तेथे नोकरी करणाऱ्या तरुणाला गळ्याशी येणारा वास नको असतो. हलका, स्वच्छ, मोकळ्या हवेचा वास त्याला हवा असतो.

अशा गिऱ्हाइकाला आपण काय देतो? बहुधा एखाद्या परदेशी अत्तराची नक्कल काढून देतो, किंवा "नाही" म्हणतो. दोन्हींत आपले नुकसान आहे. नकलेवर नफा थोडा आणि स्पर्धा फार. "नाही" म्हटले की तेच गिऱ्हाईक मॉलमध्ये जाऊन आपल्या दसपट दाम मोजून येते. वस्तुतः त्याला हव्या असलेल्या वासाचा बराचसा कच्चा माल आपल्याच देशात तयार होतो आणि गिरगावपासून लालबागपर्यंतच्या बाजारात हाताला लागतो. तो ओळखावा कसा, जुळवावा कसा, जपावा कसा आणि विकताना खरे बोलावे कसे, याचा अभ्यास आम्ही या लेखात मांडत आहोत.

हा वास येतो कुठून?

चीड, देवदार, फर, स्प्रूस, सरू, ज्युनिपर ही झाडे सूचिपर्णी वर्गातली. त्यांची पाने सुईसारखी किंवा खवल्यांसारखी असतात. उर्दूत आपण सनोबर म्हणतो, ते याच कुळातले झाड. महाराष्ट्रात चीड-देवदाराचे नैसर्गिक जंगल नाही. कोकणच्या किनाऱ्यावर जे सुरूचे बन दिसते, त्याच्या काड्या लांबून सुईसारख्या वाटल्या तरी ते झाड या वर्गातले नव्हे आणि त्यात तो वासही नाही. खरी सूचिपर्णी राने काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडात आहेत. चीड खालच्या डोंगरांवर, देवदार त्याच्या वर आणि फर आणखी उंचावर, अशी त्यांची साधारण मांडणी असते.

या रानाचा वास म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्याचे तीन थर आहेत आणि अत्तर बनवणाऱ्याने ते नाकाने वेगळे करायला शिकले पाहिजे.

पहिला थर डिंकाचा. चिडाच्या खोडाला खाच पाडली की लीसा नावाचा चिकट रस गळतो. तो उकळून वाफेने वेगळे काढले जाते ते टर्पेंटाइन, आणि मागे उरतो तो गंधाबिरोजा. टर्पेंटाइनमध्ये पायनीन आणि कॅरीन ही द्रव्ये असतात. त्यांचा वास तीक्ष्ण, नाकात शिरणारा आणि लवकर उडणारा असतो. रंगाऱ्याच्या डब्यातून येतो तो हाच.

दुसरा थर पानांचा. फरची सुई बोटांत चुरगळली की जो गोडसर, थंड, हिरवा वास येतो, त्यातील मुख्य द्रव्य बोर्निल अॅसिटेट. सैबेरियन फरच्या पानांच्या तेलात याचे प्रमाण बरेच असते. "रानात उभे राहिल्यासारखे वाटते" असे गिऱ्हाईक म्हणते, ते या थरामुळे.

तिसरा थर लाकडाचा आणि जमिनीचा. देवदाराच्या लाकडातील हिमाचलीन ही द्रव्ये जड असतात, सावकाश उडतात आणि कपड्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. त्यांच्या जोडीला ओल्या खडकावरील दगडफुलाचा आणि कुजलेल्या पानांच्या मातीचा वास असतो. हा थर नसेल तर वरचे दोन थर अर्ध्या तासात संपतात आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते.

फिनेलची अडचण

या धंद्यात मोठी अडचण मालाची नसून आठवणीची आहे. पांढरे फिनेल पाइन तेलापासून बनते, आणि पाइन तेल मुख्यतः टर्पेंटाइनवर प्रक्रिया करून काढतात. साबण, फरशी पुसण्याची द्रव्ये आणि खोलीत फवारायचे सुगंध यांत आयसोबोर्निल अॅसिटेट हे स्वस्त द्रव्य सर्रास वापरले जाते. गंमत अशी की देवघरातला कृत्रिम कापूरही याच वाटेने येतो. टर्पेंटाइनमधील पायनीनपासून कॅम्फीन, त्यापासून आयसोबोर्निल अॅसिटेट आणि पुढे कापूर, ही त्याची एक प्रचलित रीत आहे.

परिणाम असा की मुंबईकराच्या नाकाला "पाइन" म्हणजे इस्पितळाची फरशी वाटते. ज्याने कधी डलहौसी किंवा पहलगाम पाहिले नाही, त्याला आपण नुसते पाइन तेल हुंगवले तर तो नाक मुरडणारच. म्हणून या अत्तरात टर्पेंटाइनचा थर कमीत कमी ठेवावा, पानांचा थर बेताचा ठेवावा आणि लाकडाचा व जमिनीचा थर भरपूर ठेवावा. स्वस्त अत्तरांत नेमके याच्या उलट केलेले असते. वरचा झणका जोरदार आणि खाली काहीच नाही. म्हणूनच ते फिनेलसारखे वाटते.

कच्चा माल आपल्या बाजारात

गिरगावच्या लगत प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि मंगळदास रोड हा सुगंधी द्रव्यांचा जुना बाजार आहे. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगातील एस. एच. केळकर आणि कंपनी ही १९२२ साली मुंबईतच सुरू झाली. काष्ठौषधी व मसाल्याच्या बाजारातही यातले काही जिन्नस मिळतात. खरेदीला जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

देवदार तेल: हा या अत्तराचा पाया. लाकडाच्या ढलप्या, बुंधे आणि भुसा यांतून वाफेने काढतात. पहाडी लोक ते जनावरांच्या त्वचारोगावर लावत आले आहेत. ताज्या तेलाला थोडा उग्र, तेलकट वास असतो. मुरल्यावर तो गोड, लाकडी होतो. बाजारात "सीडरवुड" या एकाच नावाखाली वेगवेगळी तेले विकली जातात. आपला देवदार आणि मोरोक्कोचा अॅटलास हे खरे सीडर आहेत. व्हर्जिनिया आणि टेक्सास या नावांची तेले ज्युनिपर जातीच्या झाडांची असून त्यांचा वास पेन्सिल तासल्यासारखा कोरडा असतो. दोन्ही चांगली, पण एकाच्या जागी दुसरे टाकले तर अत्तर बदलते. म्हणून बिलावर झाडाचे नाव लिहून घ्यावे.

फरच्या पानांचे तेल: हे बहुतेक परदेशातून येते. थोडेच घ्यावे आणि ताजे घ्यावे. आपल्याकडे तालीसपत्र या नावाने हिमालयी फरची वाळलेली पाने मिळतात आणि वैद्य व हकीम ती ओळखतात. मात्र सावध राहावे. याच नावाने काही ठिकाणी थुनेर या झाडाची पाने विकली जातात. थुनेर पोटात गेल्यास विषारी आहे, त्याला कामाचा सुवासही नाही, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

हाऊबेर: हे ज्युनिपरचे फळ. युनानी औषधांत याला अभल म्हणतात. याचे तेल मिरीसारखे तिखट, ताजे आणि थंड असते. अत्तराच्या वरच्या थराला ते उठाव देते आणि फिनेलचा भास मोडते.

कुंदुर: ओमान आणि सोमालियाकडून येणारा हा डिंक आपल्या घरांत परिचित आहे. पुष्कळांना ठाऊक नसते की त्याच्या तेलात पायनीनच मोठ्या प्रमाणात असू शकते. म्हणजे झाड सूचिपर्णी नाही, पण वासाचे नाते त्या रानाशी आहे. कुंदुराच्या कुळातले सालईचे झाड महाराष्ट्रात सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या रानात वाढते. त्याच्या डिंकाचे तेलही या कामी येते. ज्याला "महाराष्ट्राच्या रानाचे" असे काही बनवायचे आहे, त्याने सालईचा विचार जरूर करावा.

लोबान: येथे एका शब्दाचा घोटाळा आहे. मराठीत आपण धूपदाणीत "ऊद घालतो" तो लोबान, आणि अरबी बाजारात "ऊद" म्हणजे अगर. भाव मागताना आणि बाटलीवर लिहिताना दोन्ही वेगळे ठेवावेत. आपल्याला हवा तो लोबान. तो गोडवा देतो आणि उडणाऱ्या द्रव्यांना धरून ठेवतो.

दगडफूल: लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत गोड्या मसाल्यासाठी जे दगडफूल मिळते, तेच कनौजच्या कारागिरांचा छरीला. शमामा अत्तरात ते पूर्वीपासून पडते. युरोपातील अत्तरकार ओक आणि पाइनच्या झाडांवरील शेवाळासारख्या वाढीतून जो अर्क काढतात, त्याचे हे आपल्याकडील भावंड. रानाचा ओलावा याच्याविना येत नाही. प्रमाण मात्र अगदी थोडे, त्याचे कारण पुढे सांगतो.

वाळा आणि नागरमोथा: दोन्ही मुळांची द्रव्ये. वाळा थंड मातीचा वास देतो, नागरमोथा कोरड्या लाकडाचा. देवदाराच्या खाली हे दोन असले म्हणजे अत्तराला पाय फुटतात.

एक नमुना आणि त्याची कृती

पुढील माप आम्ही शिकण्यासाठी देत आहोत. आपल्या नाकाप्रमाणे त्यात बदल करावा. १०० ग्रॅम अर्कासाठी: देवदार तेल ४७ ग्रॅम, फरच्या पानांचे तेल २०, कुंदुर तेल १०, लोबानचा पातळ अर्क ७, हाऊबेर तेल ५, नागरमोथा तेल ५, वाळ्याचे तेल ४.५, वेलदोड्याचे तेल १ आणि दगडफुलाचा अर्क ०.५ ग्रॅम.

प्रथम १० ग्रॅमचाच प्रयोग करावा, म्हणजे प्रत्येक आकड्याचा दहावा भाग घ्यावा. थेंब मोजू नयेत. प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या वजनाचा पडतो. सोनाराकडे असतो तसला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्यावा. आधी जड द्रव्ये घ्यावीत: देवदार, लोबान, वाळा, नागरमोथा, दगडफूल. लोबान घट्ट असेल तर बाटली कोमट पाण्यात धरावी, विस्तवावर ठेवू नये. हे एकजीव झाल्यावर कुंदुर, फर, हाऊबेर आणि वेलदोडा घालून बाटली बंद करावी. तीन ते चार आठवडे अंधारात मुरू द्यावे.

कागदाच्या पट्टीवर लावून दहा मिनिटांनी, एका तासाने, सहा तासांनी आणि दुसऱ्या दिवशी हुंगावे आणि प्रत्येक वेळी वहीत लिहावे. पहिल्या दहा मिनिटांत फिनेल आठवले तर फर कमी करून हाऊबेर आणि कुंदुर वाढवावे. सहा तासांनी काहीच उरले नाही तर वाळा आणि लोबान वाढवावे. दुसऱ्या दिवशी तेलकट वास राहिला तर देवदार तेल कच्चे आहे असे समजावे. वहीशिवाय हा धंदा म्हणजे अंदाजाने कपडा कापण्यासारखे आहे.

मुरलेला अर्क २० भाग आणि आधार ८० भाग असे अत्तर करावे. जुन्या कनौजी रीतीत देग तापवून वाफ भपक्यातल्या चंदन तेलात उतरवतात. तेथे चंदन हाच आधार असतो. आज खरे चंदन तेल सर्वांना परवडणारे नाही, म्हणून बाजारात डीईपी, आयपीएम किंवा पॅराफिन वापरतात. खोबरेल तेलापासून केलेला पातळ आधारही मिळतो, पण त्यात डिंकाची द्रव्ये नीट विरघळत नाहीत आणि बाटली गढूळ होते. आधी थोड्यावर करून पाहावे. आधार कोणताही असो, तो काय आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे आणि विचारल्यावर सांगता आले पाहिजे.

त्वचेचा आणि साठवणुकीचा प्रश्न

"नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही" हा समज चुकीचा आहे. चीड, फर आणि तत्सम तेलांतील द्रव्ये हवेशी संयोग पावून बिघडतात आणि बिघडलेले तेल त्वचेवर पुरळ आणू शकते. टर्पेंटाइनमुळे रंगाऱ्यांच्या हातांना होणारा त्रास याच जातीचा. म्हणून इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने पाइनच्या कुळातील तेलांवर अट घातली आहे की त्यांतील पेरॉक्साइडचे प्रमाण लिटरला १० मिलिमोलपेक्षा कमी असावे. त्यासाठी तेल काढल्याबरोबर त्यात ०.१ टक्क्याच्या आसपास बीएचटी किंवा टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, घालण्याची शिफारस केली जाते. ओकमॉसच्या अर्कालाही अंगावर लावायच्या मालात ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. दगडफूल त्याच जातीचे असल्याने आम्ही तीच काळजी घेतली. वरच्या मापातील ०.५ ग्रॅम तयार अत्तरात ०.१ टक्काच उतरतो.

दुकानदाराने एवढे पाळावे. तेल मोठ्या अर्धवट भरलेल्या डब्यात ठेवू नये, लहान काळ्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवावे. उन्हाची काच आणि दिव्याची उष्णता टाळावी. आपल्या बाजारातले कित्येक गाळे पत्र्याखाली असतात. तेथे वरच्या फळीवर ठेवलेले फरचे तेल मे महिन्यात फार दिवस टिकत नाही. प्रत्येक बाटलीवर खरेदीची तारीख लिहावी. वास आंबूस किंवा वार्निशसारखा झाला की ते तेल अंगाच्या अत्तरात घालू नये. नवीन गिऱ्हाइकाला कोपराच्या आतल्या बाजूस एक टिपका लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पाहायला सांगावे. याने विक्री एक दिवस लांबते, पण विश्वास कायमचा राहतो.

नाव खरे, तर बरकत खरी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पन्नास रुपयांच्या कृत्रिम द्रव्यातूनही रानाचा भास निर्माण करता येतो. मग नैसर्गिकाचा खटाटोप का करावा?

कृत्रिम सुगंध वापरणे हा गुन्हा नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात शंभरावर कृती आहेत आणि महागड्या द्रव्यांच्या पर्यायी नकला कशा कराव्यात हेही त्यात आले आहे. म्हणजे पर्याय शोधणे ही आपल्याच विद्येची जुनी शाखा आहे. गुन्हा तेथे होतो, जेथे पर्यायाला अस्सलाचे नाव देऊन अस्सलाचे दाम घेतले जाते. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला ओलावा प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या बोटांना लागला आणि भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, अशी ताकीद त्यांनी दिली, हे आपण सर्व जाणतो. आयसोबोर्निल अॅसिटेटच्या बाटलीवर "शुद्ध देवदार" लिहिणे म्हणजे ओले धान्य खाली दडवणेच होय. चांगल्या सोबत्याला कस्तुरी विकणाऱ्याची उपमा ज्या हदीसमध्ये दिली आहे, तिने आपल्या धंद्याला मोठा मान दिला आहे. तो मान राखणे आपल्या हाती आहे.

व्यवहारात यावर सोपा मार्ग आहे. दुकानातील माल तीन फळ्यांत विभागावा. पहिल्या फळीवर फक्त वनस्पतींची तेले आणि नैसर्गिक आधार, दुसऱ्या फळीवर नैसर्गिक आणि कृत्रिम यांचे मिश्रण, तिसऱ्यावर पूर्ण कृत्रिम. प्रत्येकावर तसे मराठीत आणि उर्दूत लिहावे. डीईपीच्या आधारातले अत्तर, त्यातली तेले कितीही अस्सल असोत, पहिल्या फळीवर ठेवू नये. गिऱ्हाईक तिसऱ्या फळीवरचे घेईल तर आनंदाने द्यावे, त्याच्या खिशाला ते योग्य असेल. पण निवड त्याची असावी आणि ती डोळसपणे व्हावी.

हिशेब

खरे बोलून परवडते का, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब मांडतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपल्या बिलांप्रमाणे ते बदलावेत. समजा वरील १०० ग्रॅम अर्काला ६०० रुपये आणि ४०० ग्रॅम आधाराला १०० रुपये लागले. ५०० ग्रॅम अत्तर ७०० रुपयांत, म्हणजे ग्रॅमला १ रुपया ४० पैसे. ६ मिलिलिटरच्या बाटलीत साधारण साडेपाच ग्रॅम माल बसतो, म्हणजे त्यातील माल सुमारे ८ रुपयांचा. बाटली, डबी आणि लेबल १५ रुपये, भरण्याची मजुरी ५, गळती आणि हुंगायला दिलेले नमुने ४, भाडे-वीज यांचा वाटा १८. एकूण ५० रुपये.

या हिशेबात बाटलीपेक्षा माल स्वस्त पडला आहे. अर्काच्या जागी चौथाई किमतीचे कृत्रिम द्रव्य वापरले तरी एका बाटलीमागे जेमतेम ५ रुपये वाचतात. त्या ५ रुपयांसाठी आपण आपले नाव गहाण ठेवतो. आधार म्हणून खरे चंदन घेतले तर मात्र हिशेब पूर्ण बदलतो. ते अत्तर वेगळ्या दराने आणि मोजक्या गिऱ्हाइकांसाठीच करावे.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा वास गुलाब-मोगऱ्याच्या गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत आवडेलच असे नाही. दादरच्या फुलबाजारात रोज ताजा मोगरा हुंगणाऱ्याला लाकडाचा वास कोरडा वाटतो. त्याला हिना किंवा शमामाबरोबर हा थोडा मिसळून दाखवावा. मोठ्या बाटलीऐवजी ३ मिलिलिटरची बाटली आधी खपवावी.

कायदा आणि रानाची राखण

अंगाला लावायचे अत्तर कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडते. ते बनवून विकायचे तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात आणि अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मिलिलिटर किंवा ग्रॅममध्ये निव्वळ माप, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तोळा हे आपल्या बोलण्यातले माप आहे, लेबलावर ते चालत नाही. घरगुती प्रयोग करून चार मित्रांना देणे वेगळे आणि दुकानात मांडणे वेगळे, हा फरक नव्या कारागिरांनी आधीच समजून घ्यावा.

देवदार सावकाश वाढणारे झाड आहे आणि त्याची चोरटी तोड हा पहाडातील जुना प्रश्न आहे. फार स्वस्त देवदार तेल समोर आले तर दोनच शक्यता धराव्यात, एक तर भेसळ आहे किंवा लाकूड चोरीचे आहे. पक्के बिल मागावे. जटामांसी आणि अगर यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. निर्यात करणाऱ्यांनी कागदपत्रांशिवाय त्यांना हात लावू नये.

शिकण्याच्या सोयी

आपली मुले दुकानात बसून नाक तयार करतात, पण रसायन शिकत नाहीत. ही उणीव भरून काढता येते. कनौज येथे १९९१ साली भारत सरकारने सुगंध आणि सुरस विकास केंद्र स्थापन केले. तेथे ऊर्ध्वपातन, मिश्रण आणि तेलांची तपासणी यांचे अल्पमुदतीचे वर्ग चालतात. मुंबईत मुलुंडच्या वझे महाविद्यालयाने सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवला आहे. दादरच्या शेजारी माटुंग्याला १९३३ साली सुरू झालेली यूडीसीटी, म्हणजे आताची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. घरातील एक मुलगा किंवा मुलगी जरी अशा ठिकाणी शिकली, तरी भेसळ ओळखणे, पेरॉक्साइड तपासणे आणि परवान्याचे कागद तयार करणे ही कामे घरातच होतील.

सारांश

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी या लेखातून चार गोष्टी घ्याव्यात. पहिली, रानाचा वास हा टर्पेंटाइनच्या झणक्यात नसून देवदार, दगडफूल आणि मुळांच्या खोलीत आहे. दुसरी, माल झाडाच्या नावाने आणि पक्क्या बिलाने घ्यावा. तिसरी, ही तेले ताजी, थंड आणि अंधारात ठेवावीत, कारण बिघडलेले तेल अंगाला लावणाऱ्याला त्रास देते आणि विकणाऱ्याला बदनाम करते. चौथी, नैसर्गिक, मिश्र आणि कृत्रिम हे तिन्ही शब्द जसेच्या तसे लेबलावर लिहावेत.

येत्या रमजानपूर्वी १० ग्रॅमचा एक प्रयोग करून पाहण्यास पुरेसा अवधी आणि थोडेच भांडवल लागते. वही घालावी, नाक तयार करावे आणि ज्या दिवशी दुकानातला माणूस न सांकोचता "यात काय आहे" ते सांगू शकेल, त्या दिवशी बाटली फळीवर मांडावी. अल्लाह आपल्या हलाल कमाईत बरकत देवो.